रिकामी घागर आणि नसलेली घागर

स्वयंपाकघरांतल्या घडवंचीवर घागर आहे पण तींत पाण्याचा थेंब नाहीं, ही एक स्थिति. घडवंचीवर घागरच नाहीं, ही दुसरी. तहानलेल्याला दोन्ही वेळीं पाणी मिळत नाहीं, एवढें साम्य खरें. परंतु पहिल्या वेळीं घरच्या बाईला विहिरीची वाट धरावी लागते, आणि दुसऱ्या वेळीं तांबटआळीची. किंवा घागर शेजारणीनें नेली असेल तर शेजारणीच्या दाराची. अभाव निराळा म्हणून उपायहि निराळा.

भारतीय नैयायिकांनीं या विषयाचा शतकानुशतकें कीस पाडला आहे. जमिनीवर घट नसणें हें त्यांचें ठराविक उदाहरण तर्कशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यालाहि परिचित असतें. पुढच्या काळांतील वैशेषिकांनीं तर अभाव हा स्वतंत्र सातवा पदार्थ मानला आणि त्याचे चार भेद केले: वस्तु निर्माण होण्यापूर्वींचा अभाव, ती नष्ट झाल्यानंतरचा, सर्वकाळचा, आणि एक वस्तु म्हणजे दुसरी वस्तु नव्हे या अर्थाचा. त्यांच्या मतें नुसतें ‘नाहीं’ असें कधींच नसतें. तें कशाचें तरी आणि कोठें तरी ‘नाहीं’ असतें. काय नाहीं हें सांगितल्यावांचून अभावाचें ज्ञान होत नाहीं.

संगणकाला आज्ञा लिहून देणाऱ्यांच्या धंद्यांत हा भेद रोज उपस्थित होतो. तेथें घागरीच्या जागीं नांव असतें आणि पाण्याच्या जागीं मजकूर. गिऱ्हाइकाचें आडनांव, फाईलचा पत्ता, पत्र पाठविण्याची तारीख, अशा प्रत्येक गोष्टीला आज्ञावलींत एक नांव दिलेलें असतें व त्या नांवांत वेळोवेळीं मजकूर भरला जातो. कधीं नांव असतें पण मजकूर कोरा असतो. कधीं तें नांवच कोणीं निर्माण केलेलें नसतें. या दोहोंची चौकशी कशी करावी, आणि ती न केल्यास काय ओढवतें, हा या भाषणाचा विषय आहे. उदाहरणासाठीं भाषा घेतली आहे ती शेल.

शेल म्हणजे कवच. युनिक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्याभोंवतीं असलेलें आणि मनुष्याची आज्ञा ऐकून ती गाभ्यापर्यंत पोंचविणारें हें कवच होय. १९७१ सालीं बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन यांनीं युनिक्सचा पहिला शेल लिहिला. १९७९ सालीं युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर त्याच प्रयोगशाळेंतील स्टीफन बोर्न यांचा शेल बाहेर पडला. आणि लिनक्सवर आज जो बहुधा भेटतो तो बॅश, ब्रायन फॉक्स यांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केला. बॅश हें नांव बोर्न यांच्या नांवावर केलेली कोटी आहे. या भाषेंत लिहिलेल्या आज्ञांच्या यादीला स्क्रिप्ट म्हणतात, आणि मोठमोठ्या संगणकांचीं रात्रीचीं झाडलोटीचीं कामें आजहि पुष्कळदां अशा स्क्रिप्टांवरच सोंपविलेलीं असतात.

शेलचा स्वभाव जुन्या पेढीवरील मुकाट कारकुनासारखा आहे. मालकानें मसुदा लिहावा, मसुद्यांत जेथें जेथें डॉलरचें चिन्ह लावून एकादें नांव आलें असेल तेथें कारकुनानें आपल्या नोंदवहींत पाहावें, आणि त्या नांवापुढें जो मजकूर असेल तो तेथें उतरून काढावा, एवढेंच त्याचें काम. नोंदवहींत तें नांवच नसेल तर तो मालकाला विचारावयास जात नाहीं. ती जागा तशीच मोकळी सोडून पुढें लिहितो. नांव आहे पण त्याच्यापुढची जागा कोरी आहे, तरी तो तेंच करतो. त्याच्या लेखीं दोन्ही गोष्टी सारख्या. मसुदा दिवाळीच्या शुभेच्छांचा असेल तर ‘प्रिय यांस सप्रेम नमस्कार’ असें कांहीं तरी विचित्र निघतें, लोक हंसतात आणि प्रकरण तेथेंच संपतें. शुभेच्छांच्या जागीं फाईली पुसून टाकण्याची आज्ञा असेल तर मात्र हंसण्याचें कारण उरत नाहीं.

२०१५ च्या जानेवारींत असें एक प्रकरण जगजाहीर झालें. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचें ‘स्टीम’ नांवाचें संगणकीय खेळांचें दालन आहे. तें लिनक्सवर चालविण्यासाठीं जी शेल-स्क्रिप्ट होती तींत, स्टीम स्वतः ज्या फोल्डरांत वसलें आहे त्याचा पत्ता एका नांवांत साठविला जाई. पत्ता मिळविण्याची रीत अशी होती: स्क्रिप्ट जेथें ठेवली आहे त्या फोल्डरांत शिरावें, आणि शिरतां आलें तर ती जागा कोणती हें विचारून उत्तर त्या नांवांत ठेवावें. शिरतां आलें नाहीं तर? तर उत्तर येत नाहीं, आणि नांवांत कोरा मजकूर बसतो. पुढें स्टीम नव्यानें बसविण्याच्या प्रसंगाकरितां एक आज्ञा होती: त्या पत्त्यापुढें तिरपी रेघ द्यावी, आणि रेघेपुढें जें जें सांपडेल तें सर्व पुसावें.

युनिक्सच्या पत्त्यांत तिरपी रेघ दोन कामें करते. दोन फोल्डरांच्या नांवांमध्यें ती नुसती विभागणारी खूण असते. परंतु तिच्या मागें कांहींच नसेल तर ती साऱ्या फाईल-वृक्षाचें मूळ ठरते. पत्ता जागेवर होता तोंपर्यंत त्या आज्ञेचा अर्थ ‘स्टीमच्या फोल्डरांतलें सर्व पुसावें’ असा होता. पत्ता कोरा झाल्याबरोबर तिचा अर्थ ‘या संगणकावरचें सर्व पुसावें’ असा झाला. स्क्रिप्टमधील एकहि अक्षर बदललें नव्हतें.

ज्या गृहस्थानें हें प्रकरण उजेडांत आणलें त्यानें आपलें स्टीमचें फोल्डर दुसरीकडे हलवून जुन्या जागीं केवळ एक दुवा ठेविला होता. स्टीम सुरू होईना, कोसळलें, पुनः चालविलें तेव्हां त्यानें स्वतःला नव्यानें बसविलें आणि सर्व कांहीं ठाकठीक दिसूं लागलें. मागाहून पाहिलें तों त्याच्या मालकीच्या साऱ्या फाईली मुळापासून नाहींशा झालेल्या. राखीव प्रती ठेवण्यासाठीं जोडलेली बाहेरची तबकडीहि त्यांतून सुटली नाहीं.

पुसण्याची आज्ञा पाळणारें ‘आरएम’ नांवाचें जें साधन आहे, त्यांत मुळावर थेट घाव घालूं नये अशी तजवीज केलेली आहे. तिचा येथें उपयोग झाला नाहीं, कारण आज्ञेच्या शेवटीं ताऱ्याचें चिन्ह होतें, आणि त्या चिन्हाच्या अर्थाप्रमाणें शेलनें मुळाखालच्या प्रत्येक फांदीचें नांव वेगवेगळें लिहून दिलें. मूळ तोडावयास असें कोणीं सांगितलेंच नाहीं. शिवाय आज्ञा सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारानें चाललेली. त्यामुळें अशा प्रसंगीं प्रणालीच्या फाईली बचावतात. ज्या पुनः कोठूनहि आणतां येतील त्या राहतात. आणि छायाचित्रें, पत्रव्यवहार, स्वतःचें लेखन, असें जें दुसरीकडे कोठें नसतें तें जातें.

त्या घातक ओळीच्या वर स्क्रिप्ट लिहिणारानें एक शब्दाचा शेरा मारून ठेविला होता. ‘भीतिदायक!’ असा त्याचा अर्थ. म्हणजे धोका त्याला दिसला होता. दुसरा मनुष्य तो शेरा वाचून सावध झाला असता. पण शेल शेरे वाचीत नाहीं. शेरा लिहावयास जो वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळांत तपासणी लिहून झाली असती.

ती तपासणी लिहावयास शेलमध्यें ‘टेस्ट’ नांवाची आज्ञा आहे. नुसता चौकोनी कंस हें तिचें दुसरें नांव. उणे चिन्ह लावून ‘झेड’ हें अक्षर तिला दिलें तर पुढचा मजकूर शून्य लांबीचा आहे काय, हें ती पाहते. तसेंच ‘एन’ दिलें तर तो शून्य लांबीचा नाहीं ना, हें पाहते. दिसावयास काम सोपें. पण नवशिक्याचा पाय येथेंच घसरतो, कारण तो नांवाभोंवतीं अवतरणचिन्हें घालावयास विसरतो. अवतरणचिन्हें नसलीं कीं कोरा मजकूर कोरा म्हणूनसुद्धां पुढें जात नाहीं. तो पार नाहींसा होतो. टेस्टच्या हातीं मग ‘उणे एन’ एवढाच शब्द पडतो. पुढें कांहीं नाहीं म्हणून ती तक्रार करीत नाहीं. एकच शब्द मिळाला तर तो शब्द कोरा आहे कीं नाहीं एवढें पाहावयाचें, असा तिचा नियम आहे. ‘उणे एन’ हा शब्द तर कोरा नाहीं. सबब उत्तर येतें कीं मजकूर आहे. घागरींत पाणी आहे काय तें पाहावयास पाठविलेल्या गड्यानें हातांतला कंदील पाहून ‘आहे’ म्हणून परत यावें, तसा हा प्रकार.

गंमत अशी कीं ‘उणे झेड’ वापरतांना हीच चूक केली तर कोऱ्या मजकुराविषयीं उत्तर बरोबर येतें. तेथेंहि टेस्ट आपल्या हातांतला कंदीलच पाहत असते, परंतु योगायोगानें खरें बोलते. अशी स्क्रिप्ट वर्षानुवर्षें बिनबोभाट चालते, आणि एके दिवशीं त्या नांवांत ‘पुणें सातारा’ असा दोन शब्दांचा मजकूर येतो. अवतरणचिन्हांच्या अभावीं तो दोन तुकडे होऊन टेस्टपुढें पडतो, आणि तिला वाटतें कीं तीन शब्दांपैकीं मधला शब्द तुलनेचें चिन्ह असावयास हवा. तिची तक्रार मग त्या मधल्या शब्दाविषयीं असते, आणि ज्यानें हें सारें पांच वर्षांपूर्वीं लिहिलें तो बिचारा पुण्यांत काय बिघडलें हें शोधीत बसतो.

जुन्या स्क्रिप्टांत आणखी एक चमत्कारिक लेखन आढळतें. मजकूर कोरा आहे काय हें पाहण्यापूर्वीं त्याच्या पुढें एक्स हें अक्षर चिकटवितात, आणि ती जोडी नुसत्या एक्सबरोबर ताडून पाहतात. मजकूर स्वतःच कंसासारखा किंवा उणे चिन्हानें सुरू होणारा असला तर कांहीं जुने टेस्ट गोंधळून जात. पुढें एक्स लावला कीं तो केवळ मजकूर राही. आज बॅशमध्यें या टेकूची गरज नाहीं, तरी संवयीनें तो राहिला आहे. नव्या घरांत जुनी अडसर ठेवावी तसा. डेव्हिड कॉर्न यांच्या शेलमधून आलेला दुहेरी चौकोनी कंस वापरला तर मजकुराचे तुकडेहि पडत नाहींत.

इतकें साधलें तरी घागर रिकामी कीं घागरच नाहीं, हा मूळचा प्रश्न शिल्लकच राहतो. कारण ‘उणे झेड’ ही खूण दोहोंना एकच उत्तर देते. त्यासाठीं शेलनें महिरपी कंसांत लिहावयाची एक युक्ति दिली आहे. नांवापुढें उणे चिन्ह आणि त्यापुढें पर्यायी मजकूर लिहिला, तर नांव अस्तित्वांतच नसेल तेव्हां तो पर्याय वापरला जातो. नांव असून कोरें असेल तर शेल त्याचा कोरेपणा मान्य करतो. त्याच उणे चिन्हापूर्वीं अपूर्णविरामाचीं दोन टिंबें घातलीं, तर नसलेलें आणि कोरें यांना तो एकाच पंक्तीला बसवितो. उणे चिन्हाच्या जागीं प्रश्नचिन्ह घातलें तर पर्याय शोधण्याचें काम राहत नाहीं. शेल दिलेला इशारा छापतो आणि स्क्रिप्ट तेथेंच थांबते. तेथेंहि दोन टिंबें नसतील तर थांबणें केवळ नांव नसेल तेव्हांच. टिंबें असतील तर कोरेपणाबद्दलहि.

टिंबें सरसकट सगळीकडे घालावीं असा सल्ला कांहीं लोक देतात, तो बरोबर नाहीं. कोरेपणा हेंहि कधीं कधीं समजून दिलेलें उत्तर असतें. शेलमध्येंच ‘आयएफएस’ असें एक नांव आहे. मजकुराचे शब्द कोठें तोडावे हें त्यावरून ठरतें. तें नांव अजिबात नसेल तर शेल मोकळी जागा, टॅब आणि ओळीचा शेवट या तीन ठिकाणीं शब्द तोडतो. तेंच नांव ठेवून कोरें केलें तर तो मुळींच तोडीत नाहीं. दोन अभाव, आणि त्यांचे परिणाम एकमेकांच्या अगदीं उलट! येथें दोहोंना एक समजणारा मनुष्य आपल्या हातानें मजकुराची नासाडी करील.

अनेक जाणते लोक स्क्रिप्टच्या आरंभीं ‘सेट’ या आज्ञेला उणे चिन्हासह ‘यू’ हें अक्षर देऊन ठेवतात. असें केलें म्हणजे नोंदवहींत नसलेलें नांव आलें कीं मुकाट कारकून ओरडतो आणि काम थांबवितो. संवय उत्तम आहे. नांव लिहितांना झालेली अक्षराची चूक तिच्यामुळें तत्काळ सांपडते. परंतु स्टीमच्या त्या गृहस्थाला तिनें वांचविलें नसतें. तेथें नांव होतें; पत्ता कोरा होता. घागर घडवंचीवरच होती. महिरपी कंसांत नुसतें प्रश्नचिन्ह असतें तरीहि पुसण्याची आज्ञा पुढें गेली असती. प्रश्नचिन्हापूर्वीं दोन टिंबें असतीं तर शेल त्या ओळीवर थांबला असता.

इतर भाषांनीं ‘कांहींच नाहीं’ यासाठीं एक स्वतंत्र मूल्यच निर्माण केलें. टोनी होअर या इंग्रज संगणकशास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं अल्गोल डब्ल्यू या भाषेच्या रचनेंत ‘नल’ आणला. करावयास फार सोपा होता म्हणून मोह आवरला नाहीं, अशी कबुली त्यांनीं २००९ सालीं लंडनमधील एका व्याख्यानांत दिली आणि त्याला स्वतःची शंभर कोटी डॉलरांची चूक म्हटलें. पायथनमध्यें ‘नन’ आहे. जावास्क्रिप्टमध्यें तर ‘नल’ आणि ‘अनडिफाइंड’ अशीं दोन मूल्यें आहेत, आणि कोणतें केव्हां येईल हें शिकण्यांत नवशिक्याचे कांहीं महिने जातात. उलट ओरॅकलच्या विदागारांत शून्य लांबीचा मजकूर म्हणजेच नल. पीएचपी या भाषेंत रिकामेपणा तपासणारें ‘एम्प्टी’ नांवाचें साधन आहे, तें मजकुरांतील एकट्या शून्यालाहि रिकामें समजतें. अर्जांत ‘अपत्यें किती?’ या प्रश्नापुढें कोणीं प्रामाणिकपणें ० लिहिलें, तर त्या साधनावर विसंबणारी आज्ञावली म्हणणार कीं रकाना भरलेला नाहीं. ज्याला मूल नाहीं त्याला पुनः पुनः तोच प्रश्न विचारण्याइतकें क्रूर वर्तन यंत्राच्या हातून अशा साध्या कारणानें घडूं शकतें.

चुकीची दुसरी दिशाहि आहे: नसलेपणाची खूण हाच मजकूर समजला जाणें, किंवा मजकूर हीच नसलेपणाची खूण समजली जाणें. कॅलिफोर्नियांतील एका संगणक-सुरक्षातज्ज्ञानें आपल्या मोटारीच्या पाटीवर क्रमांकाऐवजीं ‘नल’ हा शब्द हौसेनें घेतला. त्याची हकीकत त्यानें २०१९ सालीं लास व्हेगास येथील ‘डेफ कॉन’ या परिषदेंत सांगितली. ज्या ज्या दंडाच्या पावतीवर मोटारीचा क्रमांक नोंदलेला नव्हता, त्या पावत्यांच्या रकान्यांतला नसलेपणा यंत्रानें ‘नल’ या शब्दानें दाखविला, आणि त्या शब्दाचा खराखुरा मालक तर हजर! अनोळखी लोकांचे बारा हजार डॉलरांहून अधिक दंड त्याच्या नांवावर येऊन पडले.

आणखी एक प्रकार उरतो, तो डोळ्यांना फसविणारा. मजकुरांत केवळ मोकळ्या जागा असतील तर मनुष्य त्याला कोरा म्हणतो. ‘उणे झेड’ म्हणत नाहीं, कारण मोकळी जागा हेंहि अक्षरच आहे. विंडोजवर तयार झालेली फाईल लिनक्सवर आणली तर तिच्या रिकाम्या ओळींतहि एक अदृश्य अक्षर शेवटीं चिकटलेलें असतें. अशा वेळीं लांबी न पाहतां, मोकळ्या जागेहून निराळें असें एक तरी अक्षर आहे काय, हें नमुन्याशीं ताडून पाहावें लागतें. पण तोहि उपाय मराठी मजकुराला पुरा पडेलच असें नाहीं. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला भेद दाखविण्यासाठीं संगणकावर ‘र’चा हलन्त लिहून त्यापुढें एक न दिसणारें जोडाक्षर-चिन्ह ठेवण्याची पद्धति आहे. टंकलेखकानें शब्द पुसला आणि तें चिन्ह मागें राहिलें, तर रकाना कोरा दिसतो. मोकळ्या जागांच्या यादींत त्या चिन्हाची गणना होत नाहीं, म्हणून नमुना त्याला मजकूर समजतो; आणि साठवणींत तें तीन बाइट जागा अडवून बसलेलें असतें. नांवापूर्वीं महिरपी कंसांत कुंपणासारखें दुहेरी रेघांचें चिन्ह घालून शेलला लांबी विचारतां येते. पडद्यावर कांहींच नसतें, आणि शेल उत्तर देतो: १.